साडेतीनशे किलोची मोटारसायकल ट्रॅकवर नेली की वजन नेमके कुठे जाणवते

सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून आलेला भरलेला ट्रक पळासनेरजवळच्या ढाब्यावर थांबला की त्याच्या चाकांमधून तापलेल्या ब्रेकचा उग्र वास बराच वेळ येत राहतो. इंदूरहून शिरपूरमार्गे जळगावला परत येताना अशाच एका ढाब्यावर मी चहा घेत होतो. धुळ्याकडच्या एका ट्रकचालक काकांनी माझ्या मोटारसायकलकडे, तिच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांकडे आणि रुंद टायरकडे निरखून पाहिले आणि वजन विचारले. टाकी भरून साडेतीनशे किलोच्या वर, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "भाऊ, भरेल गाडी घाटमा नही, घाटना पहिले आवरनी पडस." उतार सुरू होण्याआधी, वर असतानाच खालचा गिअर टाकायचा आणि ब्रेकवर सगळा भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. मी मान डोलावली. त्या वाक्याचा पुरता अर्थ मात्र मला पुढच्या हिवाळ्यात कळला, जेव्हा हीच गाडी घेऊन मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील ट्रॅकवर पहिल्यांदा उतरलो.

लांब पल्ल्याची जड गाडी ट्रॅकवर कशाला न्यायची, असा प्रश्न मला जळगावात आणि धुळ्यात अनेकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक गैरसमज असतो, आणि तो आधी दूर केला पाहिजे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला बंद रस्ता एका दिवसापुरता भाड्याने घेतला जातो, आलेल्या चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची पाळी आळीपाळीने मिळते. क्रमांक नाही, बक्षीस नाही. सकाळी गाडीची तपासणी होते, नियम समजावले जातात आणि नवख्यांच्या गटात ओव्हरटेक कुठे करता येईल व कुठे नाही हे ठरवून दिलेले असते. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करून रांगेतच राहायचे. लाल झेंडा म्हणजे पाळी थांबली, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवण्याच्या जागेत, परतायचे. चौकटीचा झेंडा म्हणजे वेळ संपली. समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, वळणाच्या बाहेर दरीऐवजी मोकळी जागा असते आणि कडेला रुग्णवाहिका उभी असते. गाडीची आणि स्वतःची मर्यादा शिकण्यासाठी याहून योग्य जागा नाही, आणि जी गाडी आपण वर्षभर चालवतो तिच्यावरच ती शिकलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

जड गाड्यांची खरीखुरी शर्यतही होते. अमेरिकेत मोटोअमेरिका ही संस्था 2020 सालापासून 'किंग ऑफ द बॅगर्स' नावाची शर्यत भरवते. तीत पेट्या लावलेल्या हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन कंपन्यांच्या टूरिंग गाड्या उतरतात आणि 2020 ची पहिली शर्यत टायलर ओहारा याने इंडियन चॅलेंजरवर जिंकली. त्या गाड्यांचे सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर पूर्ण बदललेले असतात आणि त्या मुद्दाम उंच केलेल्या असतात. उंच का, हे पुढे येईलच.

वळणात वजन कुठे जाते

आता मुख्य विषयाकडे येऊ. बहुतेकांना वाटते की जड गाडी वळणात जास्त झोपवावी लागते किंवा ती वजनामुळे बाहेर फेकली जाते. गणित तसे सांगत नाही. वळणात गाडी किती झोपवावी लागेल हे फक्त दोन गोष्टींवर ठरते: वेग किती आणि वळणाची त्रिज्या किती. वळणात गाडीला आत ओढून धरण्यासाठी लागणारे बल वजनाच्या प्रमाणात वाढते, हे खरे. पण गाडीला खाली खेचणारे गुरुत्वाकर्षणही त्याच प्रमाणात वाढते आणि टायरची जमिनीवरची पकडही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही पारड्यांत सारखीच भर पडल्यामुळे हिशेबातून वजन निघून जाते. म्हणून 180 किलोची आणि 380 किलोची गाडी एकाच वेगाने एकाच वळणातून जात असेल, तर दोघींचा कोन जवळपास सारखाच असतो. जाड टायरमुळे जड गाडीला एखाद-दोन अंश जास्त लागतात, इतकाच फरक.

वेगाचा परिणाम मात्र झपाट्याने वाढतो, कारण हिशेबात वेगाचा वर्ग येतो. 50 मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी 60 किलोमीटर वेगाने त्यातून जायला साधारण 30 अंशांचा कोन लागतो. वेग 72 केला की कोन 39 अंशांवर जातो आणि 80 केला की 45 अंशांवर. घाटात आपण ज्याला "थोडे जास्त" म्हणतो त्या दहा-बारा किलोमीटरने गाडी दहा अंश जास्त झोपवावी लागते.

इथेच टूरिंग गाडीची खरी मर्यादा उघडी पडते, आणि ती वजनाची नसून जागेची असते. स्पोर्ट्स गाडीचे पाय ठेवण्याचे खुंट उंच आणि मागे असतात. ती 45-50 अंश झोपली तरी जमिनीला टायरशिवाय काही लागत नाही. लांब प्रवासाच्या गाडीत पाय आरामात ठेवायचे असल्याने फुटरेस्ट खाली आणि पुढे असतात, सीट खाली असते, इंजिन रुंद असते आणि सायलेन्सर बाहेर आलेले असतात. रुंद फुटबोर्ड असलेल्या मोठ्या क्रूझर-टूरिंग गाड्यांचे बोर्ड 30-32 अंशांच्या आसपासच घासू लागतात. म्हणजे वरच्याच वळणात, जिथे टायरमध्ये अजून बरीच पकड शिल्लक आहे तिथे, ताशी 60-62 च्या पुढे गाडीचे लोखंड जमिनीला भेटते.

हे घासणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक जीवावर बेतणारा आहे. फुटरेस्ट बिजागरीवर असतो. त्याच्या टोकाला खाली एक लहानसा बोल्टसारखा खुंट असतो. तो आधी जमिनीला लागतो, बुटाच्या तळव्यात बारीक थरथर जाणवते, खरखर ऐकू येते आणि फुटरेस्ट वर दुमडतो. ही सूचना आहे आणि ती गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम दिलेली आहे. याच्या पुढचे भाग मात्र दुमडत नाहीत: डबल स्टँड, लेग गार्ड, सायलेन्सरचा खालचा भाग, इंजिनाचे झाकण. यांपैकी एखादा भाग जमिनीवर टेकला की गाडीचे वजन टायरवरून त्या लोखंडावर जाऊ लागते. वजन गेले की टायरची पकड गेली, आणि मग चाक सरकते.

मला हे चौथ्या फेरीत कळले. पेट्या काढल्या होत्या, आरसे दुमडले होते, पण डबल स्टँड काढायचे राहिले होते. त्या स्टँडवर पाय देऊन गाडी उभी करण्याचा दांडा डाव्या बाजूला असतो. एका लांबलचक डाव्या वळणात आधी फुटरेस्टची ओळखीची खरखर आली, मी ती मनावर घेतली नाही, आणि पुढच्याच क्षणी खालून एक ठोका बसला व मागचे चाक वीतभर बाजूला सरकले. मी घाबरून काही केले नाही म्हणून वाचलो. गाडी थोडी सरळ होताच टायरने पुन्हा जमीन धरली. पिटमध्ये आल्यावर खाली वाकून पाहिले, तेव्हा दांड्याचे टोक आरशासारखे चकाकत होते आणि हात लावण्याइतके थंड झाले नव्हते.

उपाय दोन होते आणि दोन्ही साधे होते. पहिला म्हणजे पाना आणून स्टँड उतरवणे. दुसरा उपाय गाडीतच होता आणि मी तो वापरलेला नव्हता. टूरिंग गाडीच्या मागच्या शॉकअपला स्प्रिंग आवळण्याची सोय असते. मागे माणूस आणि सामान असेल तेव्हा ती आवळावी असे पुस्तिकेत लिहिलेले असते. एकट्याने ट्रॅकवर जातानाही ती "दोन माणसे व सामान" इतकी आवळली की गाडी मागून उंच बसते, वळणात कमी दबते आणि तेवढाच अधिक कोन मिळतो. बॅगर शर्यतीच्या गाड्या उंच केलेल्या असतात त्या याच कारणाने.

अंग वळणाच्या आत नेण्याबद्दलही इथेच सांगतो, कारण त्याबद्दल अवाजवी अपेक्षा असतात. चालकाने शरीर आतल्या बाजूला सरकवले की गाडी आणि चालक यांचा मिळून असलेला गुरुत्वमध्य आत सरकतो व गाडी तेवढी कमी झोपवावी लागते. पण जड गाडीत चालकाचा वाटा लहान असतो. पोशाखासह शंभर किलोचा माणूस पंधरा सेंटिमीटर आत सरकला, तर 200 किलोच्या गाडीवर ढोबळ हिशेबाने पाच अंशांचा फायदा होतो आणि 380 किलोच्या गाडीवर तीनच अंशांचा. गुडघा जमिनीला लावण्याच्या हौसेने सीटवरून लोंबकळण्यात जड गाडीवर काही अर्थ नाही. अर्धे ढुंगण आत, छाती टाकीच्या आतल्या बाजूला, हनुवटी आतल्या मुठीच्या दिशेला आणि हात सैल, एवढे पुरते. हातांनी हँडल आवळून धरले की गाडीची प्रत्येक उसळी हँडलमध्ये जाते आणि साडेतीनशे किलो विनाकारण डळमळू लागतात.

एक लिटर पाण्याची उष्णता

वजन वळणाच्या हिशेबातून निघून जाते, पण ब्रेकच्या हिशेबातून निघत नाही, आणि ट्रकवाल्या काकांचे म्हणणे इथे शब्दशः लागू पडते. वेगात असलेल्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबणे म्हणजे त्या ऊर्जेची उष्णता करणे. गाडी 380 किलो आणि चालक 100 किलो, असे 480 किलो ताशी 140 वरून 60 वर आणायचे असतील तर सुमारे 296 किलोजूल उष्णता बाहेर पडते. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: एक लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीला आणायला जवळपास तितकीच उष्णता लागते. चुलीवर पाण्याला उकळी यायला कित्येक मिनिटे लागतात. इथे तेवढी उष्णता चार-पाच सेकंदांत तयार होते. तिचा काही भाग वारा आणि इंजिन घेतात, उरलेला बहुतेक भाग त्या दोन-तीन पातळ डिस्कमध्ये आणि काही मिलिमीटर जाडीच्या पॅडमध्ये जातो. आणि हे एका वळणापुरते झाले. इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे आणि त्यात बारा वळणे आहेत. सगळ्याच वळणांना एवढा ब्रेक लागत नाही, पण डिस्क थंड होण्याआधी पुढचे वळण येतेच.

पहिल्यांदा थांबायला जड गाडीला हलक्या गाडीपेक्षा फार जास्त अंतर लागत नाही. चांगल्या ब्रेकची आधुनिक टूरिंग गाडी चकित करण्याइतकी लवकर थांबते. फरक पडतो तो सहाव्या, आठव्या, दहाव्या वेळी. उष्णता डिस्ककडून पॅडकडे, पॅडकडून त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 प्रकारचे ताजे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या त्याच ऑइलचा उत्कलनबिंदू 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणूनच लिव्हरचा दाब पॅडपर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. परिणामी लिव्हर मऊ होत होत मुठीपर्यंत येते आणि ब्रेक लागत नाही. बिजासन घाटात ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यामुळे तिथे ऑइल उकळत नाही. तापलेले लायनर घसरू लागते. पण मूळ गुन्हेगार तीच उष्णता असते.

म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी करण्याच्या कामांत मी पहिला क्रमांक ब्रेक ऑइल बदलण्याला देतो. दोन वर्षांचे जुने ऑइल जळगाव-छत्रपती संभाजीनगर प्रवासाला पुरेसे असेल, ट्रॅकला नाही. पॅडची जाडी अर्ध्याहून अधिक असावी, कारण पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही. आणि गाडी चालवताना एक सवय लावून घ्यावी: सरळ रस्ता संपायच्या आत ब्रेकची लिव्हर बोटाने हलकेच दाबून पाहायची. ती नेहमीपेक्षा आत जात असेल तर पुढची एक फेरी ब्रेक न लावता, सावकाश काढायची, डिस्कला वारा द्यायचा आणि पिटमध्ये यायचे. पिटमध्ये थांबल्यावर तापलेला ब्रेक दाबून धरायचा नाही.

जड, लांब गाडीचा ब्रेकच्या बाबतीत एक फायदाही आहे. जोरात ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर झुकते. ते किती झुकेल हे गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर यांवर ठरते. स्पोर्ट्स गाडी आखूड आणि उंच असते, त्यामुळे कडक ब्रेकमध्ये तिच्या मागच्या चाकावर वजनाचा दहावा हिस्साही उरत नाही. टूरिंग गाडी लांब आणि बुटकी असल्याने तिच्या मागच्या चाकावर पाचव्या हिश्श्याच्या आसपास वजन टिकून राहते. म्हणून ट्रॅकवर मागच्या ब्रेकला हात, खरे तर पाय, लावू नये हा स्पोर्ट्स गाडीवाल्यांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. मागचा ब्रेक आधी हलका लावला की गाडी बसते, आणि मग पुढचा दाबत न्यायचा, झटक्याने आवळायचा नाही.

टायरची भाकरी

टायरच्या पकडीला मी भाकरीची उपमा देतो. ताटात भाकरी एकच आहे. ती ब्रेकसाठी वापरा, वळणासाठी वापरा किंवा वळणातून बाहेर पडताना रेस देण्यासाठी वापरा. सरळ रस्त्यावर सगळी भाकरी ब्रेकला देता येते, पूर्ण झोपलेल्या गाडीत ती सगळी वळणालाच लागते. मात्र उपमा एका जागी कमी पडते. ब्रेकचे बल मागे आणि वळणाचे बल बाजूला, अशा काटकोनातल्या दिशांना ती असतात, त्यामुळे वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही. ब्रेकसाठी 80 टक्के पकड वापरली तरी वळणासाठी 20 नव्हे, 60 टक्के शिल्लक राहते. म्हणूनच वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत जाणे शक्य होते: गाडी जसजशी झोपत जाते तसतशी लिव्हर ढिली होत जाते. याने पुढचे सस्पेन्शन एकाएकी उसळत नाही, आणि जड गाडीत ती उसळी मोठी असते.

टूरिंग टायर हजारो किलोमीटर टिकावेत म्हणून मधोमध कठीण रबराचे असतात आणि थंडीपावसातही लवकर पकड धरतात. पहिल्या दोन फेऱ्या शांतपणे काढल्या की ते तयार होतात. मात्र वजन वाहून ते लवकर जास्त तापतात, आणि तापल्यावर पकड तेलकट, सरकती लागते. हवा किती ठेवायची याबद्दल स्पोर्ट्स गाडीवाल्यांचे आकडे ऐकून हवा कमी करू नये. तेवढे वजन असलेल्या गाडीत कमी हवेचा टायर आणखी तापतो. पुस्तिकेतला आकडा सकाळी थंड टायरमध्ये भरावा आणि पुढे काही बदलायचे असल्यास तिथल्या प्रशिक्षकालाच विचारावे.

आधी ठरवावे लागते

आता गाडी वळवण्याविषयी. ताशी तीसच्या वर कोणतीही मोटारसायकल हँडल फिरवून वळत नाही. डावीकडे वळायचे तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते. हे ऐकून अनेकांना पटत नाही, म्हणून लहानपणीचा एक खेळ आठवून पाहावा. तळहातावर काठी उभी धरायची आणि तिला डावीकडे झुकवायचे असेल तर हात उजवीकडे न्यायचा. डावी मूठ ढकलली की पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, म्हणजे टायर गाडीच्या खालून उजवीकडे निघते, आणि वरची गाडी डावीकडे झुकते. आपण सगळे हे नकळत करतच असतो. जड गाडीवर ते जाणून, जोर लावून करावे लागते.

कारण जड गाडी ऐकते, पण लगेच ऐकत नाही. एकमेकांपासून लांब असलेली चाके, पुढचे चाक धरणारा पुढे कललेला चिमटा, रुंद इंजिन आणि मोठे वजन यांमुळे ती सरळ रस्त्यावर खिळ्यासारखी स्थिर असते, आणि ज्या गुणामुळे ती धुळे-सोलापूर महामार्गावर दिवसभर न थकवता चालते तोच गुण तिला वळणात शिरताना मंद करतो. डावे वळण संपताच उजवे वळण लागले की हा फरक सर्वांत जास्त कळतो. हलकी गाडी अर्ध्या सेकंदात कुशी बदलते. मोठी गाडी एका सेकंदाच्या आसपास घेते, आणि ताशी 100 च्या वेगाने एका सेकंदात 28 मीटर रस्ता मागे पडतो.

यावर उपाय ताकद हा नाही, उपाय डोळे हा आहे. ज्या वळणात आपण आहोत तिकडे न पाहता त्याच्या शेवटाकडे, आणि शेवट दिसला की पुढच्या वळणाच्या सुरुवातीकडे पाहायचे. मेंदू नजर जाते तिकडे हात नेतो. घाबरून कडेच्या दगडाकडे पाहिले तर गाडी दगडाकडेच जाते, हे तोरणमाळच्या सात पायरी घाटात ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

रेषेबद्दलही नियम तोच. वळणात बाहेरच्या कडेने शिरायचे, आतल्या कडेला शिवायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे, याने त्रिज्या वाढते आणि त्याच वेगाला कोन कमी लागतो. जिचा कोन 32 अंशांत संपतो त्या गाडीसाठी ही सगळ्यात मोठी सवलत आहे. जड गाडीने आतल्या कडेला थोडे उशिराच शिवावे: वेग आधीच पुरेसा उतरवायचा, गाडी एकदाच ठामपणे वळवायची, लवकर सरळ करायची आणि मग तिचे बळ वापरायचे. होंडा गोल्ड विंगसारख्या गाडीचे 1833 सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांवरही भरपूर ओढते, त्यामुळे गिअर बदलत बसण्याची गरज नसते. पहिला दिवस दोनच गिअरमध्ये काढला तरी चालतो आणि डोक्याला एक काम कमी होते. घाटातल्या रस्त्यावर मात्र ही रेषा वापरायची नाही. तिथे समोरून एसटी येते, आणि आपली बाजू सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जाण्याआधी आणि परतताना

खान्देशातून ट्रॅकवर जाणे हाच एक मोठा प्रवास आहे. जळगावहून इरुंगट्टुकोट्टाई बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. तो ट्रॅक 1990 साली सुरू झाला. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणखी दूर आहे आणि लहान आहे, सुमारे 2.1 किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 2011 साली सुरू झाला, 5.125 किलोमीटरचा आहे आणि सप्टेंबर 2023 मध्ये तिथे मोटोजीपीची शर्यत झाली. त्याच्या लांब सरळ रस्त्यावर जड गाडीचे ब्रेक सर्वांत जास्त तापतील. इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे आणि तो आपल्याला सर्वांत जवळ आहे, परंतु तो वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला आहे. वळणे शिकण्याची ती जागा नव्हे.

ट्रॅकवर गाडी पडली तर परतीचे काय, याचा विचार निघण्याआधी करावा. शक्य असेल तर दोन-तीन जणांनी मिळून पिकअप करावी. विमा कंपनीला लेखी विचारावे. आपल्याकडच्या वाहन विम्याच्या अटींत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि ट्रॅकवरचे नुकसान बहुधा आपल्याच खिशातून जाते. अंगावर चामड्याचा पूर्ण पोशाख, पाठीचे कवच, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट हवे. हे सगळे भाड्याने मिळू शकते, पण मापाचे हेल्मेट स्वतःचेच असावे. भुसावळचा 45 अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला चेन्नईचे ऊन कमी वाटेल, पण तिथल्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि चामडे वारा आत येऊ देत नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये पोशाख कमरेपर्यंत उतरवावा आणि तहान लागायची वाट न पाहता मीठ-साखर-लिंबाचे पाणी प्यावे. थकलेला माणूस आधी ब्रेक उशिरा लावू लागतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. मी दुपारची शेवटची पाळी सोडून दिली, आणि त्या दिवसातला तो माझा सर्वांत योग्य निर्णय होता असे मला आजही वाटते.

जो वेग ट्रॅकवर मिळाला तो महामार्गावर शोधू नये, हे कायद्यानेही सांगितले आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

परतीला त्याच संध्याकाळी निघू नये. रात्र तिथेच काढावी आणि सकाळी उजेडात गाडीभोवती बसून एकेक वस्तू पुन्हा जागेवर आणावी: टायरच्या कडा फाटल्या नाहीत ना आणि हवा बरोबर आहे ना हे पाहावे, ब्रेकची लिव्हर थंड असताना पहिल्यासारखी कडक आहे का तपासावे, पॅड किती उरले ते मोजावे, स्टँड आणि पेट्यांचे बोल्ट पान्याने आवळावेत, आरसे उघडावेत. आणि काच फुटून ट्रॅकवर सांडू नये म्हणून आदल्या दिवशी दिव्यांवर चिकटवलेली टेप काढावी, विशेषतः मागच्या ब्रेकच्या दिव्यावरची. हैदराबाद ओलांडल्यावर अंधार पडेल, आणि मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकला तो दिवा लांबून दिसायला हवा.